खोलीवरचं जेवण: स्वस्त, चविष्ट आणि अंगी लागेल असं

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची कृती दोन मिनिटांची आहे आणि ती रात्री करायची आहे. झोपण्यापूर्वी एक वाटी मटकी धुऊन भरपूर पाण्यात टाकायची. खोलीवर राहणाऱ्यांचं जेवण बिघडतं ते बहुतेकदा स्वयंपाक येत नाही म्हणून नाही. भूक लागल्यावर विचार सुरू होतो, आणि तेव्हा अर्ध्या तासात होण्यासारखं घरात काहीच नसतं. मग वडापाव, नूडल्सचं पाकीट किंवा फोनवरून मागवलेलं काहीतरी. भिजलेलं कडधान्य घरात असलं की पंचवीस मिनिटांत उसळ होते.

पुढचं सगळं एका माणसाच्या हिशेबाने लिहिलं आहे. सामान एवढंच धरलं आहे: तीन लिटरचा कुकर, एक लोखंडी तवा, एक कढई, गॅस किंवा इंडक्शन. फ्रीज नाही असंच धरलं आहे. वाटी म्हणजे आमटीची नेहमीची वाटी, दीडशे मिली पाण्याची.

आधी पैशाचा हिशेब

दुकानात उभं राहून एक साधा भागाकार करा: एका रुपयात किती ग्रॅम प्रथिनं मिळतात? एका किलोत जेवढे ग्रॅम प्रथिनं असतील त्याला किलोच्या भावाने भागायचं. शंभर ग्रॅम हरभऱ्यात सुमारे 19 ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे किलोत 190. भाव 100 रुपये धरला तर रुपयाला 1.9 ग्रॅम. शेंगदाण्यात किलोला सुमारे 240 ग्रॅम. 150 रुपये भाव असेल तर रुपयाला 1.6. अंड्यात साधारण साडेसहा ग्रॅम, अंडं सात रुपयांचं, म्हणजे 0.9. दूध लिटरला 32 ग्रॅम, साठ रुपये लिटर, म्हणजे 0.5 च्या आसपास. पनीर किलोला 180 ग्रॅम आणि भाव चारशे, म्हणजे 0.45. बदाम नऊशे रुपये किलो धरले तर 0.2. भाव उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमच्या दुकानातले घाला. आकडे हलतील, पण क्रम फारसा हलत नाही.

या यादीत सगळ्यांना मागे टाकते ती सोयाबीनची वडी. शंभर ग्रॅममध्ये पन्नासच्या वर प्रथिनं. तरी ती रोज खाणारे फार थोडे, कारण तिचा वास. मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग गार पाण्यात टाकून घट्ट पिळणं, आणि हे पिळणं दोनदा, असं केलं तर वास जवळजवळ जातो. एकदाच पिळून रश्शात टाकली की ती आतलं पाणी रश्शात सोडते आणि सगळी भाजी बिघडते. आठवड्यातून एकदोनदा ठीक. रोजचा आधार मात्र कडधान्यच, कारण त्यात चवीला वाव आहे.

किती खायचं याचं माप राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दिवसाच्या 2000 उष्मांकांच्या ताटात धान्य 250 ग्रॅम, कडधान्यं आणि डाळी (किंवा त्याजागी अंडी-मांस-मासे) 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम. धान्य आणि डाळींची ही वजनं शिजवण्याआधीची. प्रथिनांची गरज 65 किलोच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम आणि 55 किलोच्या स्त्रीला 46 ग्रॅम सांगितली आहे.

आता ताट मांडू. दीडशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, त्यात 15 ग्रॅम प्रथिनं. अर्धी वाटी, म्हणजे साठ ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, 12 ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळाचा भात, आठेक ग्रॅम. तीस ग्रॅम तूरडाळीचं वरण, साडेसहा. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे, सात. दोनशे मिली दुधाचं दही, साडेसहा. बेरीज पंचावन्न. यात सकाळचे पोहे धरलेले नाहीत. म्हणजे पावडरचा डबा, प्रोटीन बार वगैरे गोष्टींवाचून काम भागतं.

धान्य आणि कडधान्य एकाच दिवसात हवं. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे दोन घटक. धान्यात लायसिन कमी असतं ते कडधान्यात मिळतं, आणि कडधान्यात मेथिओनिन कमी असतं ते धान्यात मिळतं. वरणभात, उसळ-भाकरी, खिचडी या जोड्या आयतं ते काम करतात. एकाच घासात ते असण्याची गरज नाही, दिवसभरात असले की झालं.

भिजवणं आणि मोड आणणं

मटकी आणि मूग आठ ते दहा तास भिजतात. हरभरा, छोले, वाटाणा, राजमा यांना बारा तास लागतात. चवळीला सहा पुरतात. पाणी धान्याच्या तिप्पट घाला, नाहीतर वरचे दाणे कोरडे राहतात. सकाळी पाणी ओतून टाका, दोनदा धुवा आणि चाळणीत दहा मिनिटं पूर्ण निथळू द्या. या निथळण्यात घाई झाली की दुसऱ्या दिवशी मोड चिकट होतात. मग ओल्या पण घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात बांधून, झाकणाच्या भांड्यात ठेवा. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत अर्ध्या इंचाचे मोड येतात, थंडीत चोवीस तास लागू शकतात. हरभऱ्याला दीड दिवस धरा. थंडी जास्त असेल तर गाठोडं कुकरमध्ये ठेवून शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवावी आणि झाकण लावावं. एक वाटी कोरड्या मटकीचे जवळजवळ तीन वाट्या मोड होतात.

बिघडतं ते असं. फडकं फार ओलं असेल किंवा मुंबई-कोकणातल्यासारखी दमट हवा असेल तर आंबूस वास येतो. थोडा आंबूस असेल तर धुऊन लगेच शिजवा. बोटांना तार येत असेल तर टाकून द्या, तिथे काटकसर नको. मोड आलेच नाहीत तर धान्य जुनं आहे किंवा किडलेलं आहे. आणि दर वाटीत पाच-सात दाणे भिजतच नाहीत, ते गणंग. ते निथळताना हातानेच वेचून काढा, कारण ते शिजतही नाहीत आणि उसळीत दाताखाली बरोबर येतात.

मोडांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: मोड आणल्याने प्रथिनं दुप्पट होतात. होत नाहीत. दाण्याने पाणी प्यायलेलं असतं, त्यामुळे शंभर ग्रॅम मोडांत शंभर ग्रॅम कोरड्या मटकीपेक्षा प्रथिनं कमीच भरतात. वाढतं ते क जीवनसत्त्व. आणि लोहाला अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं, पचायलाही हलकं जातं. शिजायला वेळ कमी लागतो, म्हणजे गॅसही वाचतो. कच्चे मोड वाटीभर खाण्याचा उत्साह मात्र आवरा. ओलावा आणि ऊब जशी मोडांना मानवते तशी जंतूंनाही मानवते. निदान पाच मिनिटं वाफवून खा, पावसाळ्यात तर नक्कीच.

मटकीची उसळ, मापासकट

एका माणसाच्या दोन वेळा, किंवा दोघांची एक वेळ:

- मोड आलेली मटकी 3 वाट्या
- तेल दीड मोठा चमचा
- मोहरी अर्धा लहान चमचा, हिंग दोन चिमटी, हळद पाव लहान चमचा, कढीलिंबाची 8-10 पानं
- मध्यम कांदा 1, बारीक चिरून
- लाल तिखट दीड लहान चमचा, गोडा मसाला दीड लहान चमचा
- मीठ 1 लहान चमचा
- आमसुलं 3, गूळ सुपारीएवढा
- दाण्याचं कूट किंवा भाजलेलं सुकं खोबरं 2 मोठे चमचे
- गरम पाणी दीड वाटी

तेल तापू द्या, म्हणजे मोहरीचा एक दाणा टाकला तर तो लगेच तडतडला पाहिजे. न तडतडलेली मोहरी कडू लागते आणि पुढे काही केलं तरी फोडणीला अर्थ येत नाही. मोहरी उडाली की हिंग, कढीलिंब, मग कांदा. कांदा कडेने सोनेरी झाल्यावर आच बारीक करून हळद आणि तिखट, आणि पाच सेकंदांत मटकी वर. तिखट तेलात जास्त राहिलं की काळं पडतं आणि ठसका देतं. मटकी दोन मिनिटं परता, गरम पाणी घाला, कढईवर ताट ठेवून ताटात पाणी ओता. दहा-बारा मिनिटांत मटकी बोटांत दबते. दबली की मगच मीठ, गोडा मसाला, आमसूल, गूळ, कूट. आणखी चार मिनिटं मंद.

आंबट शेवटी का? चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्या आंबटपणाने दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, आणि दाणा कितीही उकळला तरी आतून करकरीत राहतो. मिठाचं तसं नाही. मीठ आधी घातलं तर कडधान्य शिजत नाही असं घरोघरी सांगतात, पण भिजवण्याच्या पाण्यात चमचाभर मीठ टाकलं तर हरभरा-राजमा उलट लवकर मऊ होतात. शेवटी घालायचं कारण इतकंच की पाणी आटल्यावर अंदाज बरोबर येतो. खरा शत्रू आहे जड पाणी. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे डाळ तासभर कुकरमध्ये राहूनही दाणेदार राहते. अशा पाण्यात भिजवताना आणि शिजवताना खाण्याचा सोडा एक चिमूटभर घाला. जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि ब जीवनसत्त्वंही मरतात.

मोडाच्या मटकी-मुगाला कुकर नको, एका शिट्टीतच लगदा होतो. कुकरचं माप असं: भिजलेली चवळी दोन शिट्ट्या, वाटाणा तीन, हरभरा पाच आणि नंतर दहा मिनिटं मंद आच, राजमा सहा आणि दहा मिनिटं. राजमा अर्धवट शिजलेला कधीही खाऊ नये. कच्च्या दाण्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने चार-पाच दाण्यांतही उलट्या-जुलाब होऊ शकतात, आणि नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवून ते जात नाही. निदान दहा मिनिटं खळखळून उकळी हवी.

रोज उसळ, पण रोज तीच नको

कंटाळा हाच स्वस्त जेवणाचा खरा घात करतो. दाणा बदलला तरी मसाला तोच राहिला की चौथ्या दिवशी माणूस बाहेर जेवतो. म्हणून मसाल्याची घराणी बदला. मटकीला गोडा मसाला आणि गूळ. हरभऱ्याला कांदा-लसूण मसाला, भाजलेलं खोबरं आणि तर्री येईल एवढं तेल. मुगाला फक्त लसूण, हिरवी मिरची, ओलं खोबरं, शेवटी लिंबू. हळदीपलीकडे मसाला नको. चवळीला आमसूल आणि थोडी धणे-जिरे पूड. हिरव्या वाटाण्याला आलं-मिरची-कोथिंबिरीचं वाटण. वालाचं बिरडं चवीला सगळ्यांच्या वर, पण मोड आल्यावर एकेक डाळिंबी सोलत बसावं लागतं. परीक्षा तोंडावर असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

भिजवायला विसरलात तर तीन वाटा आहेत. पहिली अख्खा मसूर: न भिजवता कुकरमध्ये चार शिट्ट्या, आणि कोल्हापूरकडच्या ढाब्यांसारखा भरपूर कांदा-लसूण घालून परतलेला. दुसरी कुळथाचं पिठलं: लसणाची फोडणी, दोन वाट्या पाणी, दोन आमसुलं, मीठ-तिखट, आणि पाणी कोमट असतानाच तीन मोठे चमचे कुळीथ पीठ थोड्या गार पाण्यात कालवून ओतायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं तर गुठळ्या होणारच. सतत ढवळत उकळी आणा, सात-आठ मिनिटांत तयार. तिसरी वाट गरम भिजवणाची: हरभरा दोन मिनिटं खळखळ उकळून, गॅस बंद करून, झाकून तासभर ठेवायचा. रात्रभर भिजवल्याचं बरंचसं काम होतं, एकदोन शिट्ट्या जास्त लागतात.

भाकरी करावी की विकत घ्यावी

खरं सांगायचं तर आधी विकतच घ्या. पुण्या-मुंबईत पोळी-भाजी केंद्रांवर भाकरी सुटी मिळते. भाकरी आणि पोळीला हात बसायला वेळ लागतो, उसळ पहिल्याच आठवड्यात जमते. कष्ट उसळीवर खर्च करा, भाकरी केंद्रावरून आणा. भाकरी-पोळी दोन्ही सोडून फक्त भातावर राहिलात तर मात्र धान्यातला चोथा आणि लोह दोन्ही कमी पडतात.

शिकायचीच असेल तर पिठापासून सुरुवात. ज्वारीचं पीठ दळून तीन आठवड्यांच्या आत संपवा. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग भाकरी थापताना कडा फुटतात आणि उचलताना तुकडे पडतात. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांतच कडवट होतं, कारण त्यात तेल जास्त आणि ते खवट होतं. म्हणून पाकिटावरची दळल्याची तारीख बघा, किंवा मालदांडी ज्वारी आणून गिरणीतून एकेक किलो दळून घ्या.

नवशिक्याने उकड काढूनच भाकरी करावी. एका मोठ्या भाकरीला एक वाटीभर पीठ आणि पाऊण वाटीच्या आसपास पाणी. पाणी उकळवा, चिमूटभर मीठ, पीठ टाका, गॅस बंद, पाच मिनिटं झाकण. हाताला सोसेल तेवढं गरम असतानाच तीन-चार मिनिटं तळव्याने मळा. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं प्रथिन, नसतं. गरम पाण्याने पिठातलं पिष्ट चिकट होतं, त्यावरच भाकरी एकसंध राहते. थापलेली भाकरी पिठाची बाजू वर येईल अशी तापलेल्या तव्यावर टाका आणि लगेच त्या बाजूला पाणी फिरवा. पाणी दिसेनासं झालं पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, तेव्हाच उलटा. पाणी पूर्ण वाळू दिलं तर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू शेकली की गॅसच्या ज्योतीवर. इंडक्शनवर ज्योत नाही, तेव्हा तव्यावरच उलटून फडक्याने कडेकडेने दाबायची. लोखंडी तवा इंडक्शनवर चालतो. साध्या ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही, बुडाला चुंबक चिकटतो का हे बघून घ्या.

थापणं नकोच वाटत असेल तर थालीपीठ. त्याच पिठात मूठभर बेसन, चिरलेला कांदा, कोथिंबीर, तीळ. प्लॅस्टिकच्या ओल्या कागदावर थापून तव्यावर, मध्ये भोक, भोकात तेल. चुकायला जागाच नाही.

भाजी: केव्हा, कोणती, किती दिवस

मंडईत संध्याकाळी साडेसातनंतर जा. पालेभाजी दुसऱ्या दिवशी विकली जात नाही हे विक्रेत्याला माहीत असतं, त्यामुळे जुड्यांचा भाव तेव्हा उतरतो. पण आठवड्याची भाजी तेव्हा घेऊ नका. दिवसभर उन्हात बसलेली जुडी त्याच रात्री करायची. टिकाऊ भाज्या सकाळी किंवा आठवडी बाजारात घ्याव्यात, निवडायला मिळतात.

फ्रीज नसेल तर खाण्याचा क्रम ठरवून घ्या. पहिल्या दिवशी पालेभाजी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गवार, भेंडी, घेवडा, मग वांगी, आणि शेवटी कोबी, दुधी, लाल भोपळा, सुरण. भोपळा कापलेला घेऊ नका, छोटा अख्खा घ्या. अख्खा महिनाभर राहतो. पालेभाजी न धुता कागदात गुंडाळून ठेवा. धुऊन ठेवलेली मेथी सकाळपर्यंत काळी पडते.

सर्वात स्वस्त भाजी बहुतेक वेळा फेकली जाते: मुळ्याचा पाला, नवलकोलाचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं. त्यात मुळ्या-फ्लॉवरपेक्षा लोह आणि कॅल्शियम जास्त असतं. भाजीवाल्याला नुसतं विचारलं तरी तो देतो. मुळ्याचा पाला चिरून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवून पिळा म्हणजे उग्रपणा जातो. मग भिजवलेली मूगडाळ आणि लसूण घालून परता. शेवग्याचा पाला कॅल्शियमच्या बाबतीत फार पुढे आहे. आसपास झाड असेल तर तो फुकट, फक्त देठ काढण्याचा कंटाळा नको. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटोली बाजारात येतात. रानभाजी ओळखीच्या विकणारणीकडूनच घ्यावी आणि कशी शिजवायची तेही तिलाच विचारावं, कारण शेवळासारख्या काही भाज्यांना खाज असते आणि काकडं (एक आंबट रानफळ) किंवा चिंच घालूनच त्या करायच्या असतात.

लोहासाठी एक सवय: उसळीवर किंवा पालेभाजीवर लिंबू पिळा, आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका. लिंबातलं क जीवनसत्त्व वनस्पतींतलं लोह शोषायला मदत करतं, चहातलं टॅनिन ते अडवतं. तासभर थांबलात तरी पुरे. अभ्यासिकेतून उठून टपरीवर जाण्याची वेळ नेमकी जेवणानंतरची असते, ती जरा सरकवा.

चटण्यांचा डबा

एक तास देऊन केलेली चटणी तीन आठवडे जेवण सावरते. शेंगदाण्याची: एक वाटी दाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा, सालं चोळून पाखडा, सात-आठ लसूण पाकळ्या, दीड लहान चमचा तिखट, अर्धा चमचा जिरं, पाऊण चमचा मीठ. खलबत्ता असेल तर सोलापूरकडच्यासारखी कुटा, तेल सुटतं आणि दाण्यांचा पोत राहतो. मिक्सर असेल तर थांबत-थांबत फिरवा. सलग फिरवलात तर लगदा होतो. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले आणि चाखून कडू लागलेले बाजूला काढा. ओल लागलेल्या दाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष भाजून जात नाही.

याच मापाने कारळाची, तिळाची, जवसाची. तीळ न सोललेले घ्या, कॅल्शियम सालात जास्त असतं. जवस तडतडेपर्यंत भाजून कुटलेच पाहिजेत. अख्खे गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात. लसूण घातलेली चटणी कोरड्या चमच्याने काढायची, एकदा ओला चमचा गेला की डब्यात बुरशी.

मेसच असेल तर

स्वयंपाकाला परवानगी नसलेल्या खोल्या बऱ्याच आहेत. मग मेस निवडताना पोळ्यांचा आकडा विचारू नका, आठवड्यातून किती दिवस उसळ असते ते विचारा आणि वरणाची वाटी तिरकी करून बघा. वरण पाण्यासारखं ओघळत असेल तर त्या ताटात प्रथिनं पोळीतूनच येणार. अशा ताटाला खोलीतून तीन गोष्टी जोडा: रात्री भिजवलेले मूठभर शेंगदाणे, एक काकडी किंवा गाजर, आणि वाटीभर दही किंवा दोन उकडलेली अंडी. इलेक्ट्रिक किटलीत अंडी उकडतात, बारा मिनिटं पुरतात. अंडी आधी धुवा म्हणजे किटलीला वास राहत नाही.

दही, दूध किंवा अंडं यांपैकी काहीतरी रोज असायलाच हवं, घरी करा की मेसला जा. ब-12 जीवनसत्त्व कडधान्यात आणि भाजीत नसतं. हातापायांना मुंग्या, सतत थकवा असं असेल तर रक्त तपासून घ्या, उसळीने ते भरून निघणार नाही. मूत्रपिंडाचा किंवा युरिक ॲसिडचा त्रास असलेल्यांनी कडधान्याचं माप डॉक्टरांकडून घ्यावं.

पोटात गुबारा धरतो अशी तक्रार पहिल्या आठवड्यात येते. एकदम वाटीभर उसळीवर जाऊ नका; चार दिवस पाव वाटी, मग अर्धी. भिजवलेलं पाणी टाकून द्या, हिंग सढळ घाला, आणि सुरुवात मुगाने करा, हरभऱ्याने नको.

साठवण

एका माणसाला महिन्याला सर्व मिळून दोन किलो कडधान्य पुरतं. अर्धा-अर्धा किलोच आणा, मोठ्या पिशवीचा फायदा भुंगे खातात. आणल्यावर ताटात पसरून दोन दिवस कडक ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा; गरम भरलं तर आत घाम धरतो. तूरडाळीला किलोला एक लहान चमचा एरंडेल चोळून ठेवतात, शिजवण्यापूर्वी ते गरम पाण्याने धुऊन टाकायचं. मोड आणायच्या मटकीला मात्र तेल लावू नका, पाणी आत शिरत नाही. आणि घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून बघा: बारीक गोल भोकं दिसली तर दुकानदार कितीही सूट देवो, ते परत ठेवा. आत भुंग्याने अंकुरच खाल्लेला असतो, त्याला मोड येणार नाहीत.